नॉर्मल म्हणजे मी

दादाला पत्र आलं ते महिन्याच्या दोन तारखेला. त्याने ते जेवणाच्या टेबलावर आम्हा सगळ्यांना वाचून दाखवलं. महिनाअखेरीपर्यंत सलग चार तास जागेवर बसू शकतो असं डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा, नाहीतर क्रेनवरून उतरा आणि खाली स्टोअरमध्ये खिळे-बोल्ट मोजत बसा, असा त्याचा सरळ अर्थ होता. दादाने पत्राची घडी घातली, खिशात ठेवलं आणि तांब्याभर पाणी प्यायला. मग उठून बाथरूममध्ये गेला.

तिथेच तर सगळं घोडं अडलं होतं.

माझा दादा टॉवर क्रेन चालवतो. बांधकामावर एक लांब हात पसरून उभी असते ना, तीच. तिच्या डोक्याशी काचेची एवढीशी केबिन असते, त्यात तो बसतो. खाली यायचं तर दोनशे चौदा पायऱ्यांची लोखंडी शिडी. आणि दादाला दर पाऊण तासाने लघवीला लागते. पाणीही तसंच पितो. सकाळी पाच लिटरचा कॅन घेऊन चढतो आणि दुपारच्या आत दोरीने दुसरा वर मागवतो. तुम्ही म्हणाल, वरच एखादी बाटली ठेवावी. ठेवून झाली. एकीने भागत नाही. आणि एकदा जोराचा वारा सुटला होता, त्या दिवसाचा विषय साइटवर अजून कुणी काढत नाही.

दादा उतरला की काँक्रीटची बादली हवेत लटकत राहते आणि खाली चाळीस माणसं हात बांधून उभी राहतात. साइटच्या साहेबांचंही चुकत नव्हतं. पण दादाचा जीव त्या केबिनमध्ये होता. वीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नव्हतं आणि त्याला करायचंही नव्हतं. वर कसं शांत असतं हे सांगायला लागला की मुळात न बोलणारा हा माणूस अर्धा तास थांबायचा नाही. अर्धा तासच, कारण मग त्याला उठावं लागायचं.

आणि आम्ही घरचे काय करत होतो? आम्ही त्याला अक्कल शिकवत होतो. वहिनी म्हणायची, कमी प्या, कमी लागेल. आई म्हणायची, ही तुमच्या बापाच्या घराण्याची खोड, त्यांच्यात कुणाला कशाचा धीर म्हणून नव्हता. मी सगळ्यात वाईट. लहानपणी शाळेत त्याला हौद म्हणायचे ते नाव घरी आणलं कुणी? मीच. सगळ्यांच्या बाटल्यांतलं पाणी पिऊन टाकतो अशी चुगली करून त्याला मार खायला लावला तोही मीच. मोठेपणी तेच जरा सभ्य शब्दांत म्हणायचे, की दादा, मनावर घेतलंस तर जमेल, तुला मनावर घ्यायचंच नाहीये.

डॉक्टरकडे गेला नव्हता असं नाही. मूत्रपिंडाला पाणी राखून ठेव असं सांगणारं एक संप्रेरक आपल्या शरीरात असतं, त्याची नक्कल असलेली गोळी डॉक्टरांनी दोन महिने दिली. काडीचा फरक पडला नाही. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, रुग्ण गोळ्या नियमित घेत नसावा. झालं, त्या दिवसापासून वहिनी स्वतःच्या हाताने गोळी द्यायची आणि मग जीभ वर करायला लावून खाली बघायची. सेहेचाळीस वर्षांचा माणूस सकाळ-संध्याकाळ बायकोसमोर आ वासून उभा. तरीही फरक नाही म्हटल्यावर डॉक्टर म्हणाले, मग ही मनाची सवय आहे.

आता माझ्या नोकरीचं सांगते, म्हणजे माझी अक्कल किती ते कळेल. मी एका प्रयोगशाळेत पेशी वाढवते. त्यांना वेळच्या वेळी खायला घालायचं, उबेत ठेवायचं, गर्दी झाली की वेगळं काढायचं. आठ वर्षं हेच करतेय. आमच्या सरांचा सगळा अभ्यास रिसेप्टरवर. पेशीच्या अंगावर दारावरच्या बेलसारखी बटणं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणायचं. संप्रेरक किंवा औषध येऊन बटण दाबतं, आत बेल वाजते आणि आतली मंडळी उठून कामाला लागतात. जनुकात एखादं अक्षर बदललं की बटण बिघडतं. आणि गेलं वर्षभर आम्ही कुठल्या बटणावर काम करत होतो? मूत्रपिंडाला पाणी राख म्हणून सांगणाऱ्या त्याच बटणावर.

हसा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण तेव्हा आमच्या डोक्यात पक्कं होतं की हा आजार तान्ह्या बाळांत दिसतो, बाळं सुकून जातात, दवाखान्यात धावपळ होते. दोनशे चौदा पायऱ्या दिवसातून सहा वेळा चढणारा धडधाकट माणूस त्यात बसत नव्हता. शिवाय तो माझा भाऊ होता. भावाला कसला आजार असतो? भावाला खोडी असतात.

आमच्याकडे एक मुलगी पीएचडी करते. दिवसभर तोंडात एकच विषय म्हणून मी तिला थिसिस म्हणते, तीही ओ देते. तिने दुसऱ्या एका संस्थेतून सहा बिघडलेली बटणं मागवली होती, सहा रुग्णांची. ती आमच्या पेशींवर बसवायची, वर औषध घालायचं आणि बेल वाजते का बघायचं. बेल वाजली की पेशी उजळाव्यात अशी सोय आम्ही केलेली असते. शहाण्णव वाट्यांची एक प्लेट यंत्रात सारली की कुठली वाटी किती उजळली त्याचा आकडा मिळतो. आणि शेजारी तुलनेला एक धडधाकट बटण हवंच, नॉर्मल.

हे नॉर्मलही विकत मिळतं. पण आमचे सर म्हणजे वापरलेले हातमोजे उलटे करून पुन्हा घालता येतील का असा विचार करणारे गृहस्थ. इथे काय आजारी माणसं कामाला आहेत, असं म्हणून त्यांनी एक पद्धत पाडली होती. ज्याचा वाढदिवस असेल त्याने आधी नळीत थुंकायचं, मग केक. त्या थुंकीतून हवं ते जनुक काढायचं, त्याची एक प्रत उचलायची आणि तिच्या नकलांवर नकला करायच्या. हे बटण हवं होतं त्या आठवड्यात वाढदिवस माझा होता. नळीवर थिसिसने सुबक अक्षरात लिहिलं, नॉर्मल. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. घरी जाऊन मी सगळ्यांना ऐकवलं की विज्ञानात नॉर्मल म्हणजे मी.

मग आकडे यायला लागले. सहा बिघडलेल्या बटणांपैकी चार ठार मुकी होती, ते ठीक. दोन थोडीफार वाजत होती, तेही ठीक. पण नॉर्मल त्या दोन्हींच्याही खाली. आजारी उजळतायत आणि निरोगी अंधारात. थिसिसने प्रयोग पाच वेळा केला, पाचही वेळा तेच. बिचारी रडकुंडीला आली. सरांनी मात्र चोर लगेच पकडला. मला बोलावून म्हणाले, बाई, तुमच्या पेशी आजारी आहेत, तुमचं हल्ली लक्ष नाही.

माझं लक्ष नाही? माझं? पोटच्या पोरांना कधी वेळेवर जेवायला घातलं नसेल, पण त्या पेशींची एक वेळ मी चुकवली नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरांना सांगितलं की त्याच पेशींवर बसवलेली ती दोन बटणं वाजतायत की नाही, मग पेशी आजारी कशा? मग ते म्हणाले, तुम्ही नळ्या बदलल्या असतील. मी म्हटलं, ते नॉर्मल तपासायला का पाठवलं नाही? सहाही बिघडलेल्या बटणांचं अक्षर न् अक्षर तपासून घेतलं होतं, नॉर्मल तेवढं सोडलं होतं. सर म्हणाले, नॉर्मल ते नॉर्मल, त्यात काय तपासायचं. एवढा शिकलेला माणूस.

मी त्यांना विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी तपासणीला जाणाऱ्या नळ्यांत नॉर्मलची एक नळी घुसवली, आणि राग काही उतरला नव्हता म्हणून शेजारी माझी ताजी थुंकीही ठेवली. नळ्या बदलल्या म्हणतात काय, आता होऊन जाऊ दे. ही महिन्याची नऊ तारीख.

बारा तारखेला निकाल आला. थिसिसने तो संगणकावर उघडला आणि पडद्यावर बोट ठेवून दोनदा वाचला. नॉर्मलमध्ये एक अक्षर चुकलेलं होतं. आणि माझ्या ताज्या थुंकीत नेमक्या त्याच जागी दोन अक्षरं एकावर एक दिसत होती, एक बरोबर, एक चूक. म्हणजे कुणी नळी बदलली नव्हती. माझ्याकडे त्या जनुकाच्या दोन प्रती होत्या, एक धड आणि एक फुटकी, आणि त्या वाढदिवसाला आम्ही नेमकी फुटकी उचलली होती. धड प्रतीने माझं आयुष्य निभावलं होतं म्हणून मला कधी कळलं नाही.

मी खूश झाले, पेशींवरचा आळ गेला म्हणून. सरांच्या खोलीकडे निघालेही होते. थिसिस मागून शांतपणे म्हणाली, "हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बायकांकडे दोन असतात, पुरुषांकडे एकच. बाई, तुम्हाला भाऊ आहे का?"

मी स्टुलावर बसले. तिने पाणी आणून दिलं, ते मी तसंच बाजूला ठेवलं. चाळीस वर्षं डोळ्यांसमोरून गेली असं काही झालं नाही. मला एवढंच आठवलं की दादा सहावीत होता, बाईंनी त्याला वर्गाबाहेर सोडलं नव्हतं, आणि घरी येताना तो दप्तर पुढे धरून चालत होता. मी मागून सगळ्या गल्लीला ओरडून सांगत होते.

पण नुसतं कळून काय उपयोग? दादाला गोळी लागू पडत नाही हे आधीच माहीत होतं. प्रश्न हा होता की बिघाड नेमका कुठे आहे. बटण नुसतं घट्ट झालं असेल, तर औषधाला ते नीट धरता येत नाही, पण जास्त औषध आलं की दहा बोटांतलं एखादं तरी दाबतंच आणि बेल वाजते. आतली वायरच तुटली असेल, तर औषध बटणाला कितीही चिकटू दे, हजार जण दाबत बसू देत, आत कुणालाही ऐकू जाणार नाही. बटण असेल तर दादा क्रेनवर, वायर असेल तर स्टोअरमध्ये.

तेवढ्यात सर आले. सगळं ऐकून त्यांचा चेहरा असा खुलला की मला त्यांची कीव यावी. हे अक्षर आजवर कुणीच नोंदवलं नव्हतं म्हणे. एक पेपर बुडाला, दुसरा निघाला. बाई, तुम्ही तर खजिना निघालात, म्हणाले. मी म्हटलं, "खजिना मागाहून उपसा. आधी आज आणि उद्या यंत्र मला पाहिजे, आणि औषध मोजूनमापून द्यायचं नाही." आठ वर्षांत मी सरांशी या आवाजात कधी बोलले नव्हते. त्यांनी मुकाट्याने कपाटाची किल्ली दिली.

थिसिस आणि मी दोघींनी मिळून प्लेट लावली. माझं फुटकं बटण, आणि एकेका ओळीत औषध वाढवत नेलेलं. बाजूला धड बटण, या वेळी खरोखरचं धड, माझ्याच थुंकीतली दुसरी प्रत. प्लेट यंत्रात सारली आणि पडद्यावर आकडे उमटायला लागले. नेहमीच्या मात्रेला काळोख. तिप्पट, काळोख. मी थिसिसचा हात इतका घट्ट धरला की तिने नंतर तो दाखवला. दहापटीला आकडा जरा हलला. तीसपटीला माझं फुटकं बटण धड बटणाच्या जवळपास जाऊन पोचलं. वायर शाबूत होती. नुसतं बटण घट्ट होतं. मी त्या यंत्राचा मुका घेतला, आणि यंत्राला तोंड लावायचं नाही हा नियम आठ वर्षं मीच सगळ्यांना सांगत आलेय.

घरी सांगितलं तेव्हा दादाने आधी तांब्या भरून घेतला. आई बोलली. हे तुमच्या बापाकडून, असं तिने सुरू केलं आणि मला तिला थांबवावं लागलं. मुलाला एक्स गुणसूत्र फक्त आईकडून मिळतं, बापाकडून मिळतच नाही. आईने मला ते तीनदा समजावून द्यायला लावलं. मग म्हणाली की शास्त्रज्ञांना सगळं कळतं असं नाही. मग भाजी निवडता निवडता म्हणाली की तिचा थोरला भाऊ नाटक बघायला जायचा तेव्हा नेहमी दाराजवळची खुर्ची मागायचा. बाबांच्या फोटोकडे बघून तिने पदर नीट केला. चाळीस वर्षांचं भांडण हरलेल्या माणसाने एवढं तरी करावंच.

मनाची सवय म्हणणारा तो डॉक्टर तसा भला माणूस निघाला, पण माझा आलेख त्याने बाजूला सरकवला. वाट्यांमधलं औषध वेगळं आणि माणसातलं वेगळं, म्हणाला. मान्यताप्राप्त ठिकाणी दादाचं रक्त पाठवलं, तिथे आठ दिवस गेले. आम्ही कॅलेंडरकडे बघत बसलो. तेवीस तारखेला अहवाल आला, तेच अक्षर. मग त्याने एका मोठ्या डॉक्टरला विचारलं, दादाला तीन दिवस दाखल करून घेतलं आणि मात्रा पायरी पायरीने वाढवली. दर थोड्या वेळाने वजन आणि रक्तातलं मीठ बघायचं. कारण औषध लागू पडलं आणि हा गडी जुन्या सवयीने घटाघटा पीत राहिला, तर ते पाणी अंगातच साठेल आणि जिवावर बेतेल. इतके दिवस जिभेखाली बघणारी वहिनी आता तांब्यावर पहारा द्यायला लागली.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवून दादा झोपला आणि तीन तास उठला नाही. वहिनीने नाकापुढे बोट धरून बघितलं. मग नर्सला बोलावलं. नर्सने बघितलं आणि सांगितलं की माणूस नुसता झोपलाय. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती, पण नवऱ्याला इतका सलग झोपलेला बघायची वहिनीची ती पहिलीच वेळ.

सर्टिफिकेट अठ्ठावीसला मिळालं. साइटचे साहेब कागदाला फशी पडणारे नव्हते. म्हणाले, बसून दाखवा, मी स्वतः खाली थांबतो. तीस तारखेला सकाळी आठला दादा चढला. मी रजा घेऊन गेले होते. दादाच्या हातात छोटी बाटली, अर्धा लिटरची. साहेब खुर्ची टाकून घड्याळ घेऊन बसले.

पाऊण तास झाला. सगळी साइट शिडीकडे बघत होती. दादा उतरला नाही. दीड तास झाला, बादल्या आपल्या वर-खाली होत होत्या. दोन तास झाले तेव्हा खालच्या माणसाने वॉकीटॉकीवर विचारलं, दादा, बरं आहे ना? बरं आहे, म्हणाला. अडीच तासांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा दादा चिडला आणि सळया कुठे ठेवायच्या तेवढं बोला म्हणाला. मधल्या वेळात साहेब स्वतः दोनदा जाऊन आले आणि दोन्ही वेळा घड्याळ माझ्या हातात देऊन गेले. बाराला भोंगा वाजला, तरी दादा हातातला फेरा संपवून मगच उतरला.

साहेबांनी त्याच्याशी हात मिळवला आणि खुर्ची उचलून गेले. दादा माझ्याजवळ येऊन विटांच्या थरावर बसला. बाटलीत अजून पाणी शिल्लक होतं. मी आठवडाभर वाक्यं जुळवून ठेवली होती, ती सगळी विसरले. शेवटी म्हटलं, "दादा, मी तुझ्यावर कधीच विश्वास ठेवला नाही. माझं चुकलं रे."

त्याने हेल्मेट काढलं आणि मांडीवर ठेवलं. "तू कशाला वाईट वाटून घेतेस," तो म्हणाला. "तुम्ही सगळे इतकी वर्षं तेच सांगत होता, की मलाही ते पटलं होतं. रोज शिडी उतरताना मी स्वतःला शिव्या द्यायचो. म्हणायचो, एवढं साधं जमत नाही तुला."

मग मात्र मला आवरेना. तिथेच, चाळीस माणसांसमोर, त्याच्या सिमेंटने माखलेल्या शर्टात तोंड खुपसून मी ढसाढसा रडले. तो आपला पाठीवर थोपटत बसला. खालच्या लोकांना वाटलं, साहेबांनी नाही म्हटलं. त्यांच्यातला एक म्हातारा मिस्त्री डबा तसाच उघडा टाकून आला, माझ्या शेजारी उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "ताई, रडू नका. आम्ही सगळे साहेबांकडे जातो. त्यांना लागते तर लागते, आम्ही थांबत जाऊ."